सुवेळा माची स्वयंपाकघराकडे

आज पाडवा. तुम्हाला तेल लावायचं, ओवाळायचं आणि ताटात काय पडलं ते बघून नाक मुरडायचं, हा माझा आजचा दिवस. यंदा त्यातलं काही नाही. पण सकाळी अंगणात जे झालं ते तुमच्या कानावर घालायला हवं, म्हणून लिहायला बसलेय. तोंडी सांगायची सोय तशीही कधी नव्हती. मी बोलायला लागले की तुम्ही कौलांकडे बघायचात, जसं काही आज पाऊस येणार आणि घर गळणार. आता कौलं बघायचं काम माझ्याकडे आलंय. तुम्ही ऐका.

तुम्ही गेल्यापासून माणसं येतात, पाणी पितात आणि तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलतात. "मिस्त्री म्हंजी देवमानूस." मी मान हलवते. मनात म्हणते, हे कुणाबद्दल बोलतायत? देवमाणूस ओल्या पायांनी घरभर फिरतो का? सिमेंटचे हात बायकोच्या पदराला पुसतो का? कुणाच्या घरी जेवायला बसला की ताटाआधी त्यांच्या भिंतीकडे बघतो आणि "पलीकडचा कोपरा सुतात न्हाई" असं यजमानाच्या तोंडावर सांगतो का? मला देवमाणूस नको होता. मला हा होता तोच पाहिजे होता, अजून थोडी वर्षं.

दसऱ्याला तुम्ही थापी, ओळंबा, फावडं सगळं धुऊनपुसून मांडलंत, मी झेंडूच्या माळा घातल्या, आपण सोनं वाटलं. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी कामावरून आलात, पायरीवर बसलात आणि पाणी मागितलंत. मी तांब्या भरून बाहेर येईपर्यंत तुम्ही दाराला टेकून बसला होतात, नेहमी बसायचात तसेच. मी तुमच्यावर खेकसलेसुद्धा, "धरा की हो!" त्या संध्याकाळबद्दल मला आणखी काही लिहायचं नाही. दिवाळीबद्दल लिहायचंय.

कारण आपला संसार म्हटलं तर दिवाळीचाच. गवंड्याला सुट्टी कुठली? पावसाळ्यात काम बंद राहिलं तरी तुम्ही घरात थांबायचा नाहीत, कुणाचा ओटा, कुणाचा गोठा, काहीतरी शोधायचात. एरवी उजाडायच्या आत डबा घेऊन खेड शिवापूरकडे, कधी पार कात्रजच्या पलीकडे, आणि रात्री जेवून आडवे. तुमचा दिवसाउजेडीचा चेहरा मी नीट बघायची ती वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत. साइट बंद, मजूर आपापल्या गावी, आणि माझा नवरा चक्क घरात.

दर वर्षी त्या चार-सहा दिवसांत मला तुमच्याबद्दल काहीतरी नवीन कळायचं. तुम्ही अनारशाचं पीठ कच्चंच खाता, हे पहिल्या की दुसऱ्या दिवाळीत कळलं, कारण डबा हलका लागायला लागला. तुम्हाला फटाक्याचा आवाज सोसत नाही, हे एकदा कळलं. भुईचक्र लावून लांब पळणारा एवढा बाप्या माणूस मी पहिल्यांदाच बघितला. मांजराशी तुम्ही बोलता. अगदी घरातलं बोलता, म्हणजे "आज आपल्या बाईसाबांचा पारा चढलाय, तू लांब बस" असं. आणि किल्ला करता, हेही मला दिवाळीतच कळलं.

आपल्या लग्नाला तीन-चार वर्षं झाली असतील. मी पडवीत चकल्या पाडत होते. कुंपणाच्या भिंतीपलीकडे शेजारच्या आक्कांच्या घरी तिन्ही पोरांचा नुसता धिंगाणा चालला होता. सासूबाई भिंतीपाशी उभ्या राहून शेवंताआक्कांना म्हणाल्या, "तुज्याकडं दिवाळी दिसती गं. आमच्याकडं फराळ हाय, पर दिवाळीचा दंगा न्हाई." सासूबाई वाईट नव्हत्या. मनातलं आलं ते बोलल्या, आणि मी ऐकत असेन हे त्यांच्या ध्यानात आलं नसेल. पण मी ऐकलं. तुम्हीही ऐकलंत. तुम्ही तेव्हा ओट्यावर बसून बिडी ओढत होतात, बिडी सुटायच्या आधीची गोष्ट आहे ही. बिडी टाकलीत आणि पेरूखालचे दगड अंगणात आणायला लागलात.

मी विचारलं, "हे काय?"

"किल्ला."

"अवो, पोर ना बाळ, किल्ला कशाला? लोक हसतील."

"हसू देत. सणाच्या दिसात कुनी हसलं तर बरंच की."

मला तेव्हा तुमचा असा राग आला होता म्हणून सांगू! घरोघरी पोरं किल्ला करतात. आपल्या अंगणात तिशी उलटलेला गवंडी गोणपाट भिजवून, मातीचा रबरबीत काला करून बुरूज थापत बसलेला. जाणारा येणारा थांबून बघायचा. मला वाटलं, आपल्या घरात काय नाही ते हा माणूस मुद्दाम चव्हाट्यावर मांडतोय. आईच्या बोलण्याला तुम्ही हा असा दुजोरा दिलात, असं मी धरून चालले. ते पुढची सगळी वर्षं धरून चालले.

बरं, सिमेंटचं एक घमेलं आणलं असतं तर किल्ला दहा वर्षं हलला नसता. पण नाही. "किल्ला मातीचाच करायचा असतो." मग दर वर्षी तोच उद्योग, आणि दर वर्षी राजगडच. वसुबारसेला दगड, धनतेरसला माती, मग माझ्या डब्यातले हळीव चोरून माचीवर पेरायचे. बाळंतिणीच्या लाडवांसाठी बायका माझ्याकडून हळीव घेऊन जायच्या, आणि ऐन वेळी डबा रिकामा. भाऊबीजेपर्यंत किल्ल्यावर हिरवंगार उगवलेलं असायचं आणि तुम्ही त्याकडे असे बघायचात की भात तुमच्याच खाचरात पिकलाय. नसरापूरच्या बाजारातून मातीचे मावळे आणायचात. सिंहासनावर महाराज ठेवायचे, तिथे मांजर जाऊन झोपायचं. महाराजांना मग तुम्ही तात्पुरतं कोनाड्यात बसवायचात, मांजराला उठवायचं मात्र जिवावर यायचं.

पोरं यायचीच. आक्कांची, खालच्या आळीची, सुट्टीला मामाकडे आलेली. चवड्यांवर हळूच किल्ल्याच्या कडेनं फिरायची, "मिस्त्रीकाका, तोफ कुठं ठेवू?" म्हणून विचारायची. जाताना माझ्याकडून करंजी घेऊन जायची. मी करंजी द्यायची, हसायची आणि आत येऊन गप बसायची. मनात पक्कं होतं की किल्ला या पोरांसाठी आहे. तुम्हाला मूल हवं होतं. तुम्ही कधी तोंडानं बोलला नाहीत, दुसऱ्या लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा ताटावरून उठून गेलात, पण दर दिवाळीला मातीत हात घालून तेच बोलत होतात. असं मला वाटायचं.

म्हणून मी विचारायची, "हे कुणासाठी करता हो?" सरळ विचारायचं धाडस नव्हतं, हे असं आडून. तुम्ही दर वर्षी वेगळं उत्तर द्यायचात. एकदा म्हणालात, "म्हाराजांसाठी." एकदा, "ह्या मांजरासाठी." एकदा तर म्हणालात, "हात शिवशिवत्यात म्हनून." मी चिडायची, तुम्ही हसायचात. भांडण तिथंच राहायचं, पुढच्या दिवाळीपर्यंत. आपल्या सगळ्या भांडणांत हे एकच असं होतं की ज्यात मला जिंकायचं नव्हतं, फक्त उत्तर पाहिजे होतं.

आणि दुसरं म्हणजे तुमच्या त्या हाका. मी तळणाला बसलेली. तेल तापलेलं, करंज्या कढईत सोडलेल्या, आणि बाहेरून हाक, "अगं, जरा बघ की, बुरूज सरळ हाय का?"

"तळणात हाय मी!"

"एक डोळा फिरव नुसता."

झारा हातात घेऊन दारात जायचं, न बघताच "सरळ हाय, सरळ हाय" म्हणायचं आणि धावत परत कढईपाशी. बसते न बसते तोच पुन्हा, "आता बघ बरं." शंकरपाळ्या काळ्या झाल्या त्या तुमच्या बुरुजापायी. मी कितीदा म्हटलं, "जन्मभर भिंती बांधता, तुम्हाला कळत नाही का सरळ-वाकडं?" तुम्ही म्हणायचात, "लांबून बघनाऱ्याला जास्त कळतं." मी म्हणायची, मग लांब जाऊन तुम्हीच बघा. ते काही तुम्ही कधी केलं नाहीत.

राजगडाची आठवण काढू का? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, नको. पण काढते. भाऊबीज झाल्यावर एक दिवस मध्ये होता, तुमची साइट दुसऱ्या दिवशी सुरू होणार होती. मी म्हटलं, एवढी वर्षं राजगड करता, एकदा मला खरा दाखवा. गाडीवर बसलो, मार्गासनीवरून गुंजवण्याला गेलो. भाताच्या कापण्या चालल्या होत्या, रस्ताभर ओल्या पेंढ्यांचा वास. चोरदरवाजाच्या खालचा चढ लागला आणि तुम्ही मागे राहायला लागलात. मला वाटलं दमलात. मागे वळून बघते तर तुम्ही माझ्या पदराचं टोक मुठीत धरलेलं.

"काय झालं?"

"काय न्हाई. तू चाल म्होरं."

"अवो, चौथ्या मजल्यावर परांचीवर उभे राहता, आणि हितं घाबरता?"

"परांची मी सोता बांदलेली असती."

एवढं हसले मी की मला तिथंच खाली बसावं लागलं. वर पोचल्यावर पद्मावती माचीवर तटाला टेकून आपण बसलो. तुम्ही तटावरून तळवा फिरवलात, एक डोळा मिटून भिंतीच्या कडेनं नजर पार टोकापर्यंत नेलीत आणि फक्त म्हणालात, "सुतात हाय." इतक्या वर्षांपूर्वीच्या कुणा अनोळखी गवंड्याला तुम्ही पास केलंत. मग आपण चिवडा खाल्ला. समोर तोरणा होता, खाली वेल्ह्याकडची खाचरं पिवळी दिसत होती. मी ऊन कुठून येतंय ते बघितलं आणि सुवेळा माची बघितली, आणि माझ्या लक्षात आलं.

"अवो, ह्याची सुवेळा उगवतीला हाय. तुमची मावळतीला असती. आपल्या स्वयंपाकघराकडं."

"अंगनात उगवतीला जागा कुठाय?"

"आख्खं अंगण पडलंय की!"

तुम्ही चिवड्यात बोटं फिरवलीत आणि म्हणालात, "मीठ कमी पडलंय बघ."

तुमची चूक मी पकडली, या खुशीत मी घरी आले. पुढच्या वर्षी बघते तर सुवेळा माची पुन्हा स्वयंपाकघराकडे. आता खरा किल्ला डोळ्यांनी बघून आलेला माणूस, आणि तरी तेच. मी म्हटलं, हट्ट म्हणतात तो हा. गावात सांगत सुटले, आमच्या मिस्त्रींच्या राजगडावर सूर्य मावळतीला उगवतो. तुम्ही तेही हसण्यावारी नेलंत.

तर यंदाचं सांगते. तुमचं दहावं-तेरावं झालं आणि लगोलग वसुबारस आली. आपल्याकडे तळण नाही, कंदील नाही, दारात रांगोळी नाही. मग रिवाजाप्रमाणे लोकच फराळ आणून देतात. ओट्यावर ताटं आणि पिशव्या जमल्यात. घरोघरच्या चकल्या मी एकेक चाखून बघितल्या, तुमच्यासारखी. कुणाची मऊ, कुणाची तेलकट. एकीत तर ओवाच नाही. कुणाला सांगणार? तुम्ही असतात तर दोघांनी मिळून नावं ठेवली असती. नावं ठेवायला जोडीदार लागतो हो, एकटीनं ठेवली की नुसती कुरकुर वाटते.

वसुबारसेला सकाळी मी पेरूखाली जाऊन उभी राहिले. दगड होते तसेच होते, वर पेरूची पानं पडलेली. एक दगड नुसता हलवून बघितला. तेवढ्यात भिंतीवरून शेवंताआक्का म्हणाल्या, "सुमन, काय करतीस?"

"बघत होते. किल्ला करावा का म्हणून."

"खुळी का काय? वरीस सरंस्तवर सण न्हाई आपल्या दारात."

"किल्ला म्हंजी सण का आक्का? माती तर हाय."

"दिवाळीला करत्यात म्हंजी सणच. आन तू करनार? कुनासाठी? लोक काय म्हनतील?"

माझाच प्रश्न, माझेच शब्द. मी दगड सोडला आणि आत आले. आक्का माझ्या भल्याचंच बोलत होत्या. या तेरा-चौदा दिवसांत त्यांनी मला एक वेळ उपाशी झोपू दिलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही उत्तर देता आलं नसतं. ज्या किल्ल्यानं मला दर दिवाळीला टोचलं, तो मी कशाला करू? तुम्हाला हवं होतं आणि मी देऊ शकले नाही, त्याचा तो ढिगारा. यंदा अंगण मोकळं राहिलं तर राहू दे, असं म्हणून मी तीन दिवस तिकडे बघितलं नाही. पण मन थाऱ्यावर नव्हतं. एकच वाटत राहिलं की तुम्ही माझ्यावर नाराज होऊन जगलात, आणि मी कधी सरळ विचारलं नाही, आणि आता विचारायची सोयच उरली नाही.

काल दुपारी वरव्याहून तुमचा बबन आला. बायकोनं दिलेली लाडवांची पिशवी घेऊन. तुमच्या हाताखाली शिकला, मग बरोबरीनं राहिला, तो बबन आता तुमच्या खुर्चीत बसायला लाजत होता, पायरीवरच बसला. मी चहा दिला. त्याची नजर कोपऱ्यातल्या हत्यारांवर गेली. दसऱ्याचा झेंडू वाळून ओळंब्यावर तसाच आहे, मी काढलेला नाही.

बबन हसला. "वैनी, ह्यो वळंबा घरीच असतो व्हय? तरीच साइटवर कधी दिसला न्हाई."

"म्हणजे? भिंत सरळ आहे का ते कशानं बघायचे?"

"डोळ्यानं. मिस्त्रींना काय लागतंय वळंब्याचं! दसऱ्याला फुलं घालायपुरता हाय त्यो. म्या येकदा म्हनलं, मिस्त्री, लावून बघू का जरा, तर आठ दिस बोलले न्हाईत माज्याशी." त्यानं कप खाली ठेवला. "सरळ हाय का वाकडं, ते उभ्या जन्मात कुनाला इचारलं न्हाई त्यांनी."

"मला विचारायचे," मी म्हटलं.

"तुमाला? कशाचं?"

"किल्ल्याच्या बुरुजाचं. दर दिवाळीला. सारखी हाक मारायचे, बघ सरळ हाय का."

बबननं माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घातली. "मातीचा असला म्हनून काय झालं, वैनी," तो म्हणाला. "त्यांना दिसत नव्हतं व्हय?" आणि मग गाडीला उशीर होतो म्हणून उठला. लाडू चांगले होते, त्याच्या बायकोला कळवायचंय.

तो गेल्यावर मी कप धुवायचे सोडून तशीच बसले. हळूहळू एकेक गोष्ट समोर यायला लागली. तुम्ही हाका मारायचात त्या कधी? सकाळी मी अंगण झाडताना नाही. संध्याकाळी बायका आल्या असताना नाही. मी एकटी तळणाला बसले की. आक्कांकडे पोरांचा आणि सुनांचा आवाज, इकडे मी आणि कढई. दर घाण्याला हाक. एका वर्षी मी चुलीपुढे रडत होते, आणि कुणी विचारलं असतं तर धूर म्हणून सांगणार होते. त्या वर्षी तुम्ही मला इतक्यांदा बाहेर बोलावलंत की शेवटी मी झारा आपटला आणि ओट्यावर येऊन बसले, आणि तुमच्या बुरुजाला शिव्या देता देता हसायला लागले. त्या दिवशी करंज्या थोड्याच झाल्या. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे, दोन मानसाला किती लागत्यात?"

रागसुद्धा आला तुमचा. भयंकर आला. एवढी वर्षं मी मनात काय धरून बसले होते हे तुम्हाला कळलं नसेल? सांगायला काय होत होतं? "तुझ्यासाठी करतो" एवढे दोन शब्द तुमच्या तोंडाला जड झाले? महाराज झाले, मांजर झालं, आणि बायकोचं नाव तेवढं निघालं नाही. मग मलाच हसू आलं. तुमचं नाव तरी मी कुठं कधी घेतलं, उखाण्याशिवाय?

तुम्हाला मूल हवं होतंच की नाही, ते मला आताही माहीत नाही. असेलही. मलाही हवं होतं. एका किल्ल्यात दोन्ही गोष्टी असू शकतात, पोरांची हौसही आणि माझी काळजीही. पण तुमचा माझ्यावर रुसवा नव्हता, एवढं मला काल दुपारी कळलं. फार उशिरा कळलं. तरी कळलं, म्हणून मी बबनला आणि त्याच्या लाडवांना हात जोडते.

आता सकाळचं. उठले, चहा पिऊन टाकला आणि पेरूखालचे दगड आणायला लागले. मोठे दगड मला हलेनात, तुम्ही ते कसे उचलायचात देव जाणे. म्हणून अख्खा राजगड नाही, नुसती सुवेळा माची आणि तिचा एक बुरूज. गोणपाट भिजवलं, माती कालवली. कोपरापर्यंत हात भरले. तुम्ही बसायचात त्या जागी बसले आणि मान वर केली, तर समोर स्वयंपाकघराचं दार, दारातून चूल, आणि चुलीपुढचा माझा पाट. सगळं सरळ रेषेत. तुमच्या भाषेत, सुतात. इथे बसून माझी पाठ हलली तरी तुम्हाला दिसत असणार. माची उगवतीला केली असती तर तोंड तिकडे झालं असतं आणि पाठ दिसली नसती. चिवड्यातलं मीठ व्यवस्थित होतं त्या दिवशी, मला माहीत होतं.

मी खूप रडले मग. मातीच्या हातांनी डोळे पुसले आणि तोंड माखून घेतलं. यंदा पदराला पुसलेले मातीचे हात तुमचे नव्हते, माझेच होते.

बुरूज काही मला साधेना. थापला की एकीकडे झुकायचा, सावरला की दुसरीकडे. वैतागले आणि तोंडातून निघून गेलं, "अवो, बघा की जरा, सरळ हाय का?" मोठ्यानं. मी मातीचा गोळा हातात घेऊन तशीच बसून राहिले.

आक्कांच्या घरातून तळणाचा वास येत होता. यंदा त्यांची तिन्ही पोरं पुण्याहून आली नाहीत, कुणाला सुट्टी नाही, कुणाच्या लेकरांची परीक्षा. आक्का एकट्याच करंज्या तळत होत्या, कुरिअरनं पाठवायच्या म्हणून. भिंतीपलीकडे त्यांची चाहूल थांबली. मग झारा हातात घेऊन त्या भिंतीपाशी आल्या. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार, वरीस, सण, लोक. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझं तोंड, माझे हात. मग बुरुजाकडे बघितलं.

"डावीकडं कललाय," त्या म्हणाल्या. "खाली दगूड घाल बारका."

मी दगड घातला. त्या घाईघाईनं आत गेल्या, कढई होती ना. त्यांच्या घरात तेलाचा आवाज तेवढा होता, बाकी काही नाही. पोरं होती तेव्हा भिंतीअलीकडे मला कान बंद करावे लागायचे.

मी बुरूज नीट केला. डबा आणून माचीवर हळीव पेरले, या वेळी चोरून नाही. मग लांब जाऊन बघितलं, तुम्ही कधी बघितलं नाहीत तसं. एक डोळा मिटून. बुरूज सरळ होता. अगदी सरळ.

आक्कांनी दुसरा घाणा तेलात सोडल्याचा आवाज आला. मी भिंतीपाशी गेले आणि हाक मारली, "आक्का, आता बघता का जरा, सरळ हाय का?"